किर्लोस्करवाडीच्या फाटकावरचे पहारेकरी

१९१० साली बेळगाव नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी जागा हवी होती, आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांना लोखंडी नांगरांचा आपला कारखाना तिथून हलवावा लागला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ आणि १०,००० रुपयांचे कर्ज देऊ केले. निवडुंगाने भरलेल्या, पाण्याची टंचाई असलेल्या त्या माळावर नावाजलेला इंजिनिअर येण्याची शक्यता नव्हती. आले ते असे: शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर, जे पुढे कारखान्याचे इंजिनिअर झाले, यंत्रे दुरुस्त करून उरलेल्या वेळात तिथे वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या माणसांना औषध देणारे शंभुराव जांभेकर, हिशेबाच्या वह्या सांभाळणारे मंगेशराव रेगे, पैसा, माणसे आणि कोर्टकचेरी असे पडेल ते काम अंगावर घेणारे के. के. कुलकर्णी. वसाहतीची आखणी आणि कारभार लक्ष्मणरावांच्या थोरल्या बंधूंकडे, रामूअण्णांकडे होता. लक्ष्मणरावांच्या चरित्रात ही नावे मालकाच्या चांगुलपणाचे दाखले म्हणून येतात. मला ती वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटतात. विश्वास टाकणे हा इथे स्वभावाचा गुण होता तितकाच कारखाना चालवण्याचा मार्ग होता, आणि त्यामागे पक्का हिशेब होता.

तो हिशेब ओतशाळेत सर्वांत स्पष्ट दिसतो. बिडाच्या ओतकामात साच्याची वाळू किती ओली असावी यावर सगळे अवलंबून असते. ओलावा जास्त झाला तर तापलेल्या रसाने वाफ होते आणि मालात पोकळ्या राहतात. कमी पडला तर साचा ढासळतो. ओतारी वाळूचा मुटका मुठीत दाबतो, मोडून पाहतो आणि ठरवतो. हा निर्णय कचेरीत बसून घेता येत नाही. मालकाने दर मुटक्याला हात लावायचा म्हटले तर भट्टी तशीच जळत राहील. आणि लक्ष्मणराव हात लावू शकणाऱ्यांपैकी होते: जे. जे. कलाशाळेत शिकलेले, रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळलेले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत ते शिकवणारे. ज्याच्या स्वतःच्या हातात कसब असते त्याला दुसऱ्याच्या हातावर काम सोपवणे सर्वांत जड जाते. म्हणूनच त्यांनी ते सोपवले, याचे मोल अधिक आहे. शिवाय सोपवलेले काम तपासण्याची सोय कामातच होती. भोके पडलेला फाळ शेतात फार दिवस टिकत नाही, आणि लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असे मानणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलखात एका खराब फाळाची बातमी पसरायला वेळ लागत नव्हता.

पहाऱ्याची गोष्ट मात्र याहून पुढची आहे. वाडीच्या रखवालीवर तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग होते, दोघेही दरोड्यात शिक्षा झालेले. हे मोठे धाडस होते, असे सांगितले जाते. पण या मुलखाचा जुना व्यवहार आठवला की धाडसाइतकीच त्यातली समजही दिसते. इंग्रजी अंमलाआधी गावाची आणि गडांची राखण हे रामोश्यांचे वतनी काम होते. गावात चोरी झाली तर माग काढायचा, नाही तर भरपाई द्यायची, अशी जबाबदारी त्यांच्यावर असे. विश्वास आणि उत्तरदायित्व एकाच हाती होते. नव्या राजवटीत ते हक्क गेले, त्याविरुद्ध बंड करणाऱ्या उमाजी नाईकांना १८३२ साली फाशी झाली आणि पुढे राखणदारांवरच चोरांचा शिक्का बसला. लक्ष्मणरावांनी तुकाराम रामोशाला फाटक सोपवले तेव्हा त्याच्या परंपरेतलेच काम त्याच्याकडे परत आले. रखवाली कशी करायची हे त्याला कोणी शिकवायचे नव्हते.

यावर आक्षेप घेता येतो, आणि तो खरा आहे. रेगे, कुलकर्णी, जांभेकर, फळणीकर यांच्याकडे वह्या आणि यंत्रे. रामोशी आणि मांग यांच्याकडे फाटक. विश्वास सगळ्यांवर होता, पण ज्याची त्याची पायरी समाजाने आधीच ठरवलेली होती, आणि वाडीने ती फारशी हलवली नाही. मालकीही कुटुंबाकडेच राहिली. १९२० साली कंपनी नोंदली गेल्यावरही सूत्रे किर्लोस्करांच्याच हाती होती. फेब्रुवारी १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत कारखाना पेटवला गेला, तेव्हा भोवतालच्या समाजातला राग विश्वासाच्या या वर्तुळाबाहेर किती साचला होता ते उघड झाले. या सगळ्याला चांगल्या मालकाची कथा हे उत्तर पुरत नाही.

तरीही अधिकार देण्याची ही रीत वरवरची होती, असे मात्र म्हणता येणार नाही. त्याच औंध संस्थानात बाळासाहेबांनी १९३९ साली राज्यकारभार प्रजेच्या प्रतिनिधींकडे सोपवला आणि आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांना खुल्या वसाहतीत ठेवण्याचा प्रयोग झाला. एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले, असा दावा मी करत नाही. पण माणसांवर विसंबण्याची हिंमत त्या एवढ्याशा मुलखात एकाहून अधिक ठिकाणी दिसते. कारखान्यात तर ती थेट मोजता येते. पुतणे शंकरराव यांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे नांगर-यंत्रांच्या प्रचाराचे पत्र म्हणून सुरू केले, ते समाजसुधारणेचे मासिक होऊन बसले, आणि लक्ष्मणरावांनी त्याला आडकाठी केली नाही. १९४१ साली हरिहरला यंत्रांचा कारखाना निघाला, आणि १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांचा व बंगळुरूत विजेच्या मोटारींचा कारखाना उभा राहिला. लक्ष्मणराव तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. एवढ्या लांब एकाच वेळी पसरायचे तर प्रत्येक साच्याजवळ मालकाला उभे राहता येणारच नव्हते. वाडी मात्र चालूच होती.