पन्नास मिलिमीटर आणि मासेमारीची पिशवी

नव्या डिजिटल कॅमेऱ्यासोबत दुकानदार काउंटरवर जे मांडतो, त्यात १८–५५ची किट लेन्स असते, ५०ची स्वस्त प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स असते, लांब पल्ल्याची ७०–३०० असते आणि आत कप्पे असलेली काळी बॅग असते. यातले डिजिटल युगात जन्मलेले फार थोडे. लेन्सवरचे आकडे सिनेमाच्या फिल्मपासून निघाले आहेत आणि बॅगेच्या घराण्याची एक शाखा तर थेट मासेमारीपर्यंत पोचते.

जर्मनीतील वेट्झलार गावी अर्न्स्ट लाइट्झ यांचा सूक्ष्मदर्शकांचा कारखाना होता. तिथे काम करणाऱ्या ऑस्कर बार्नाक यांना फोटोग्राफीचा नाद होता आणि दम्याचा विकारही. काचेच्या प्लेटा, जड कॅमेरा आणि तिपाई घेऊन डोंगर चढणे त्यांना झेपेना. १९१३-१४च्या सुमारास त्यांनी सिनेमाची ३५ मिमी रुंद फिल्म मुठीत मावेल अशा पेटीत बसवली. सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म उभी सरकते आणि एकेक चित्र १८ × २४ मिमीचे असते. बार्नाक यांनी फिल्म आडवी सरकवली व दोन चित्रांची जागा एकाला दिली. त्यातून २४ × ३६ मिमी हे माप आले. आज ज्याला ‘फुल फ्रेम’ सेन्सर म्हणतात आणि ज्यासाठी जास्तीचे पैसे मोजले जातात, त्याचे माप हेच आहे.

या चौकटीचा कर्ण ४३.३ मिमी भरतो. लेन्सचे नाभीय अंतर, म्हणजे फोकल लेंग्थ, कर्णाच्या आसपास असले की चित्रातले दृश्य ना फार पसरट वाटते, ना दाबून जवळ आणल्यासारखे. बार्नाक यांच्या पहिल्या नमुन्यात ४२ मिमीची लेन्स होती. विक्रीच्या कॅमेऱ्यासाठी मात्र मॅक्स बेरेक यांनी ५० मिमी, एफ/३.५ अशी लेन्स रचली. नाभीय अंतर थोडे वाढवले की चौकटीच्या कोपऱ्यांपर्यंत रेखीवपणा राखणे सोपे जाते. १९२५मध्ये लाइपझिगच्या वसंत जत्रेत हा कॅमेरा ‘लायका’ या नावाने बाजारात आला आणि पुढे जवळपास अर्धे शतक कॅमेरा घेतला की सोबत पन्नासची लेन्स मिळणार, हे ठरून गेले.

पहिल्या लायकाची लेन्स निघत नसे. १९३०मध्ये ३९ मिमी व्यासाच्या आट्यांवर फिरवून काढता येणारी लेन्स आली, पण तिच्यात एक गोम होती. प्रत्येक लेन्स त्या-त्या कॅमेऱ्याशी कारखान्यातच जुळवून द्यावी लागे. शेजाऱ्याची लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर चढली तरी फोकस बरोबर बसेलच याची खात्री नव्हती. १९३१मध्ये लेन्स टेकते त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर सगळ्या कॅमेऱ्यांत एकसारखे, २८.८ मिमी, करण्यात आले. असा कॅमेरा ओळखू यावा म्हणून कड्यावर बारीकसे शून्य उठवलेले असे. लेन्स ‘निवडणे’ खऱ्या अर्थाने इथून सुरू झाले, कारण कोणतीही लेन्स कोणत्याही लायकावर चालू लागली.

त्या आट्या लवकरच सार्वजनिक झाल्या. सोव्हिएत फेड कॅमेऱ्याने त्या उचलल्या, जपानमध्ये कॅननने उचलल्या. १९५०मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होते. तिथे त्यांच्या हाती निप्पॉन कोगाकु कंपनीच्या निक्कोर लेन्स आल्या, त्या त्यांनी आपल्या लायकांवर चढवल्या आणि कोरियाच्या युद्धात वापरल्या. जर्मन काचेला जपानी काच तोडीस तोड ठरू शकते हे अमेरिकी संपादकांना तिथून कळले. आट्या एकच नसत्या तर हा पाहुणा घरात शिरलाच नसता. नंतर बहुतेक मोठ्या कंपन्यांनी स्वतःचा वेगळा माउंट, म्हणजे लेन्स जोडायचे कडे, काढून दार लावून घेतले, त्यामागे हा अनुभव असावा असे मानायला जागा आहे.

१९५९ साल या कथेत दोनदा येते. त्या वर्षी निप्पॉन कोगाकुने नायकॉन एफ हा आरशाचा कॅमेरा आणि त्याचा एफ माउंट आणला, आणि त्याच वर्षी फ्रँक बॅक यांनी रचलेली ३६–८२ मिमीची फॉइक्टलेंडर झूमार बाजारात आली. ३५ मिमीच्या स्थिरचित्र कॅमेऱ्यासाठीची ही पहिली झूम लेन्स. ती जड होती, महाग होती आणि रेखीवपणात प्राइमपुढे फिकी पडे. झूम लेन्स सामान्य ग्राहकाच्या कॅमेऱ्यावर स्थिरावायला आणखी दोनेक दशके लागली. तेव्हा कुठे पन्नासची जागा ३५–७० सारख्या झूमने घ्यायला सुरुवात केली. १९८७मध्ये कॅननने ईओएस मालिकेसोबत जुना माउंट मोडीत काढून ईएफ हा नवा, पूर्ण विजेवर चालणारा माउंट आणला. जुन्या ग्राहकांच्या लेन्स एका रात्रीत निकामी झाल्याने ओरड झाली, पण ऑटोफोकसच्या शर्यतीत हाच निर्णय कॅननच्या पथ्यावर पडला.

डिजिटल कॅमेऱ्याने या सगळ्या साठ्यावर आयता हक्क सांगितला. कोडॅकने १९९१मध्ये विकायला काढलेला डीसीएस हा नायकॉन एफ३च्या अंगावर १३ लाख पिक्सेलचा सेन्सर बसवून केलेला होता. लेन्स नायकॉनच्याच होत्या. चित्रे साठवणारी २०० मेगाबाइटची हार्ड डिस्क, बॅटरी आणि छोटा पडदा असलेला खोका मात्र वेगळा होता. तो पट्ट्याने खांद्याला लटकवायचा आणि वायरीने कॅमेऱ्याला जोडायचा. अर्धा कॅमेरा हातात आणि अर्धा खांद्यावर, असा तो थाट होता.

मोठा सेन्सर बनवणे खर्चाचे होते. म्हणून बहुतेक कंपन्यांनी साधारण १६ × २४ मिमीचा, एपीएस-सी म्हणून ओळखला जाणारा सेन्सर वापरला. त्यावर प्रत्येक जुनी लेन्स दीडपट लांब वाटू लागली. पन्नासची लेन्स ७५सारखी वागे. व्यक्तिचित्राला ती उत्तम, पण खोलीत चार माणसे बसवायची तर पाठ भिंतीला टेके. १८–५५ जन्मली ती या अडचणीतून. १८ला दीडने गुणले की २७ आणि ५५ला गुणले की सुमारे ८२, म्हणजे फिल्मच्या काळातल्या नेहमीच्या झूमचाच पल्ला. कॅननने २००३मध्ये ईओएस ३००डी हा १,००० डॉलरच्या आतला कॅमेरा काढला तेव्हा त्याच्यासोबत ईएफ-एस १८–५५ दिली. हलकी, प्लॅस्टिकची, एफ/३.५–५.६ची ही लेन्स पुढे बहुतेक किटमध्ये जाऊन बसली. तिला नावे ठेवण्याची फॅशन आहे, पण भरपूर उजेडात ती चांगले काम करते. कमी पडते ती संध्याकाळी आणि घरात. ती उणीव भरून काढायला जास्त उजेड आत घेणारी एफ/१.८ची एक प्राइम पुरते. १६ × २४च्या सेन्सरवर पन्नासची जुनी कामगिरी ३५ मिमी बजावते. नायकॉनने २००९मध्ये नेमकी अशी ३५ मिमी एफ/१.८ काढली ती याच हिशेबाने.

मिररलेस कॅमेऱ्यांनी आरसा काढून टाकला आणि लेन्स-सेन्सरमधले अंतर आटले. कॅनन ईएफमध्ये ते ४४ मिमी होते, तर सोनीच्या ई माउंटमध्ये १८ मिमी. मधल्या रिकाम्या जागेत अडॅप्टर बसतो, त्यामुळे १९३१च्या आट्यांची लेन्स आजच्या सोनीवर सरळ चढते. लायकाची जुनी एल्मार लेन्स मात्र कॅमेऱ्यावर असताना नळी आत ढकलून मिटवू नये. तिचे मागचे टोक सेन्सरच्या बाजूला धडकण्याची भीती असते.

बॅगेचा इतिहास इतका सरळ नाही. एका कॅमेऱ्याला एकच लेन्स होती तोवर अंगाबरोबर शिवलेले चामड्याचे आवरण पुरे होते. लेन्स वाढल्या तशा कडक चामड्याच्या पेट्या आल्या, मग फोम भरलेल्या ॲल्युमिनियमच्या. त्यांत सामान सुरक्षित राही, पण वापरायला दर वेळी पेटी जमिनीवर ठेवून उघडावी लागे. वृत्तपत्रातल्या माणसाला तेवढी उसंत नसते. ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’चे छायाचित्रकार जिम डॉम्के यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यावर मऊ कॅनव्हासची पिशवी शिवून घेतली. आत चार कप्प्यांचे वेगळे खोके होते, बाहेर फिल्मसाठी खिसे होते आणि पट्ट्यात रबराचे धागे विणलेले होते, म्हणजे तो खांद्यावरून घसरत नसे. भरलेली पिशवी अंगाला चिकटून राही आणि गर्दीत कोणाच्या कमरेला कोपरा लागत नसे. सहकाऱ्यांनी ती मागून घेतली आणि एफ-२ या नावाने तिचा धंदा उभा राहिला.

इंग्लंडमधील बिलिंगहॅम कंपनी १९७३पासून गळ टाकून मासे धरणाऱ्यांसाठी पिशव्या शिवत असे. न्यूयॉर्कचे फोटोग्राफर या पिशव्या कॅमेऱ्यांसाठी घेतात, हे १९७८मध्ये कंपनीच्या ध्यानात आले. दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर दाबलेला असल्याने पाणी आत शिरत नसे, आणि ग्राहकाला हवे होते तेवढेच. पाठीवर घ्यायच्या बॅगा तिसऱ्याच वाटेने, गिर्यारोहणाच्या सामानातून आल्या. लोप्रो हे नाव त्या व्यवसायातल्या लो कुटुंबाचे. सगळ्या शाखांना एकत्र आणले ते वेल्क्रोने. हवे तिथे लावता, उखडता येणारे कप्पे आल्यावर बॅग लेन्सच्या मापाने मांडता येऊ लागली. फिल्मच्या खिशांत आता कार्ड, चार्जर आणि जादा बॅटरी असते, मागच्या बाजूला लॅपटॉप.

मुंबई, कोकण आणि गोव्यात बॅगेबद्दल एक जादा नियम आहे. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर राहते. बॅगेतला फोम आणि कापड ती धरून ठेवतात आणि अंधारात लेन्सच्या काचेवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात. बुरशीच्या आम्लाने काचेवरचा लेप खाल्ला की साफ करूनही डाग जात नाही. बॅग न्यायला आहे, ठेवायला नाही. घरी लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवाव्यात आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी.

खरेदीचा क्रमही या सगळ्या इतिहासावरून ठरतो. आधी माउंट पाहावा, कारण कॅमेरा काही वर्षांनी बदलतो, लेन्स राहतात. किट लेन्सवर काही महिने काढून, बहुतेक चित्रे कोणत्या फोकल लेंग्थला घेतली गेली ते फायलींमधल्या नोंदींत तपासावे आणि मगच दुसरी लेन्स घ्यावी. बॅग सर्वांत शेवटी. ती घेताना लेन्स लावलेला कॅमेरा दुकानात सोबत न्यावा, आत ठेवून खांद्याला अडकवावा आणि एका हाताने बाहेर काढून पाहावा. तो अडकला तर ती बॅग घेऊ नये.