घड्याळजींचं रीळ आणि आपला अंगठा

बेटकास्टिंग रीळ हातात घेतलं की पहिला धडा मासे पकडायचा नसतो, गुंता सोडवायचा असतो. या गुंत्याला अमेरिकेत ‘बॅकलॅश’ म्हणतात, आणि जरा लाडात ‘बर्ड्स नेस्ट’. पक्ष्याचं घरटं. एकदा बघितलंत की नाव पटतं.

कारण अगदी साधं आहे. काठी झटकली की आमिष सुटतं, ते दोरीला ओढतं आणि दोरी स्पूलला फिरवते. पुढे आमिष हवेच्या विरोधामुळे मंदावतं. स्पूलला मात्र हे कुणी कळवलेलं नसतं! ते त्याच वेगात दोरी सोडत राहतं आणि जास्तीची दोरी रिळातच फुगते. मांजाची फिरकी धरणाऱ्याचं लक्ष नसलं की जे होतं तेच, फक्त क्षणार्धात. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर प्रोड्यूसर सुसाट, कन्झ्युमर मंद, आणि मधे बफर नाही.

आता गंमत बघा. हा प्रॉब्लेम ज्यांनी निर्माण केला आणि ज्यांनी तो सोडवायचा प्रयत्न केला, त्यातले बरेचसे घड्याळजी होते.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात पॅरिस नावाचं गाव आहे. (हो, तिथेही एक पॅरिस आहे.) तिथल्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने १८२० च्या आसपास दातेरी चाकांचं रीळ बनवलं. अशी रिळं इंग्लंडमध्ये आधीही होती, पण स्नायडरचं रीळ इतकं मोकळं फिरायचं की छोटा जिवंत मासा आमिष म्हणून लावून थेट रिळावरून लांब फेकता यायचा. बेटकास्टिंग हे नाव त्यावरूनच आलं. पुढे फ्रँकफर्ट गावातल्या मीक बंधूंनी, तेही घड्याळजीच, ही कला आणखी वर नेली. केंटकी रिळात हँडल एकदा फिरवलं की स्पूल साधारण चारदा फिरतं.

घर्षण कमी करणं हा घड्याळजीचा धर्म. पण ज्या गुणामुळे आमिष लांब गेलं, त्याच गुणामुळे स्पूल थांबेना. लगाम एकच होता, माणसाचा अंगठा.

मग लोकांनी अंगठ्याला सुट्टी द्यायचे उपाय शोधले. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा कापड गिरणीवाला अल्फ्रेड इलिंगवर्थ याने १९०५ मध्ये न फिरणाऱ्या स्पूलचं पेटंट घेतलं. गिरणीतल्या बॉबिनवरून धागा सुटतो तशी दोरी कडेवरून सुटते. टेक्सासचा घड्याळजी आर. डी. हल आपली कल्पना घेऊन ‘झीरो अवर बॉम्ब कंपनी’कडे गेला. तेलविहिरींसाठी टाइम बॉम्ब बनवणारी ही कंपनी १९४९ मध्ये झाकणबंद रिळं बनवू लागली आणि पुढे झेबको म्हणून गाजली. स्पूलच फिरत नाही, तर बॅकलॅश कसला?

स्वीडनच्या आबू कंपनीने दुसरी वाट धरली. १९२१ मध्ये तिची सुरुवात झाली तीच मुळी घड्याळांचा कारखाना म्हणून. १९५२ च्या तिच्या अँबॅसेडर ५००० मध्ये स्पूल फिरतं, पण जोरात फिरलं की आतले छोटे ठोकळे बाहेर सरकून कड्यावर घासतात. पुढे चुंबकाचे ब्रेक आले. मग शिमानोने चक्क रिळात मायक्रोकॉम्प्युटर बसवला. त्याला लागणारी वीज स्पूल स्वतःच फिरताना तयार करतं.

इतकं सगळं होऊनही अंगठा सुटलेला नाही. ब्रेक जितका जास्त, तितकं अंतर कमी. शिवाय झुकलेल्या फांदीखाली, नेमक्या त्या वीतभर जागेत आमिष कधी थांबवायचं, हे ब्रेकला कुठून कळणार?

मला यातली शिकण्याची रीत फार आवडते. मोकळ्या मैदानात, गळाऐवजी नुसतं वजन लावायचं. बाजूची चकती इतकी आवळायची की वजन सावकाश खाली उतरेल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. ब्रेक पूर्ण लावायचा. मग फेकायचं, अंगठा हलकेच स्पूलवर ठेवायचा, आणि वजन टेकायच्या जरा आधी दाबायचा. अंगठ्याला समजू लागलं की ब्रेक एक एक पायरी कमी करत जायचं.

म्हणजे ब्रेकवाल्यांनी जे एकेक करून बसवलं, ते शिकणारा एकेक करून काढत जातो आणि हळूहळू स्नायडरच्या रिळापाशी पोचतो. आपल्याकडची टूल्सही अशीच शिकता आली तर काय बहार येईल! आधी सगळे ब्रेक लावून, मग एक एक काढत. बहुतेक वेळा आपण ते काढायचंच विसरतो.