तळटीप : ‘दरड’

१. दरड : डोंगराचा उभा, तुटका कडा, तो ढासळला की ‘दरड कोसळली’ म्हणतात. जामखेडजवळ सौताड्याला विंचरणा नदी बालाघाटाच्या कड्यावरून दरीत उडी घेते. दख्खनच्या अशा कड्यांत कठीण बेसॉल्टखालचा ठिसूळ थर आधी झिजतो, वरच्या खडकाचा आधार सुटतो आणि भेगांतून धोंडे निखळतात. कडा असा मागे सरकतो, दरी लांबत जाते. हे काम हजारो वर्षांचे. माळीण गावात मात्र (३० जुलै २०१४) मुसळधार पाऊस उतारात मुरला, माती जड झाली, पाण्याच्या दाबाने तिची पकड सुटली. चिखल-दगडांच्या लोटाखाली सुमारे दीडशे माणसे गाडली गेली. उतारावर नवी भेग दिसताच पायथ्याची वस्ती हलवावी, ती याचसाठी. – संपादक