भायखळ्याचे संग्रहालय व त्याचे आवार

वास्तूचा जीर्णोद्धार करावयाचा म्हणजे तिला कोणत्या काळात नेऊन उभी करावयाची, हे आधी ठरवावे लागते. मुंबईतील भायखळ्याच्या संग्रहालयापुरता हा निर्णय झाला. त्याच्या आवाराने मात्र तो होऊ दिला नाही.

या इमारतीची कोनशिला १८६२ मध्ये सर बार्टल फ्रिअर यांनी बसविली. जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड व डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्या खटपटीने वर्गणी जमत होती. परंतु १८६५ मध्ये शेअरबाजार कोसळला आणि काम रखडले. अखेर सरकारी साह्याने ते पुरे होऊन १८७२ मध्ये ‘व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियम’ लोकांस खुले झाले. भाऊ दाजींचे नाव त्यास मिळाले ते १९७५ मध्ये, म्हणजे शंभर वर्षे उलटल्यावर.

२००३ मध्ये महानगरपालिका, इन्टॅक व जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार होऊन जीर्णोद्धारास आरंभ झाला व २००८ मध्ये दालने पुन्हा उघडली. रंगाचे थर खरवडून ओतीव लोखंडाचे खांब, त्यांवरील सोनेरी काम व मिंटनच्या फरश्या यांस मूळची कळा आणण्यात आली. येथे एकोणिसावे शतक प्रमाण मानले गेले, आणि ते योग्यच होय. कारण नंतरच्या थरांत जपण्याजोगे फारसे काही नव्हते.

आवाराचे तसे नाही. घारापुरीचा पाषाणाचा हत्ती, ज्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटास ‘एलिफंटा’ हे नाव दिले, १८६४ मध्ये इंग्लंडास नेण्याच्या प्रयत्नात फुटला. त्याचे तुकडे या बागेत आले व १९१४ मध्ये ते सांधले गेले. पुढे १९६५ च्या सुमारास शहरातील चौकांतून उतरविलेले इंग्रजी अधिकाऱ्यांचे पुतळे येथेच आणून ठेवले गेले. त्यांत कॉर्नवॉलिस आहे, वेलस्ली आहे, आणि कित्येकांचे अवयव भग्न आहेत. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, म्हणजे मूळचा ‘काळा घोडा’, हाही याच बागेत आला.

आवार सुशोभित करताना १८७२ हेच साल प्रमाण धरले असते, तर हे सारे हलवावे लागले असते. इंग्रजी राजवटीचे या शहरात पुढे काय झाले, याचा पुरावा मात्र दालनांतील मांडणीपेक्षा या पुतळ्यांतच अधिक आहे. २०१७ मध्ये काळा घोडा चौकात नवा घोडा उभा राहिला, पण त्यावर स्वार नाही. स्वारासह जुना घोडा राणीच्या बागेतच राहिला.