क्रीडाप्रक्षेपण हक्क

क्रीडाप्रक्षेपण हक्क : सामना किंवा क्रीडास्पर्धा चित्रित करून ती दूरचित्रवाणीवर, आणि अलीकडे मोबाइलवरही, दाखवण्याचा हक्क. तो मुळात स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेचा. ऑलिंपिकचा हक्क आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीकडे, विश्वचषक फुटबॉलचा ‘फिफा’कडे आणि भारतात होणाऱ्या क्रिकेट मालिकांचा मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे असतो. संघटना तो ठरावीक देशापुरता आणि ठरावीक वर्षांपुरता वाहिनीला विकते. मैदानावर कॅमेरे लावण्याचे काम यजमान प्रक्षेपकाचे. त्याने पाठवलेल्या चित्रावर निरनिराळ्या देशांतल्या वाहिन्या आपापले समालोचन आणि जाहिराती चढवतात. किंमत असते ती थेट प्रक्षेपणाला. निकाल कळलेल्या सामन्याला गिऱ्हाईक फारसे उरत नाही.

दूरचित्रवाणीवर दिसलेले पहिले ऑलिंपिक म्हणजे १९३६ चे बर्लिन. शहरात ठिकठिकाणी केलेल्या सार्वजनिक कक्षांत लोक जमून ते पाहत. त्याच ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे कर्णधार झाशीचे ध्यानचंद होते आणि १५ ऑगस्टला अंतिम सामन्यात भारताने जर्मनीचा ८-१ असा धुव्वा उडवला. झाशी हे पेशव्यांचे सुभेदार नारोशंकर यांच्या काळापासून मराठी घरे नांदलेले शहर, मानिक चौक ही तिथल्या जुन्या शहरातली बाजारपेठ. आपल्या गावच्या खेळाडूचा पराक्रम इथल्या लोकांनी वाचला आणि ऐकला, पाहिला नाही. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूरला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ध्यानचंद यांचे पुत्र अशोककुमार यांनी पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल केला, तेव्हाही देशाचे कान रेडिओलाच लागले होते. चेंडू गोलखांबाच्या कोपऱ्यावर आपटून झटक्यात बाहेर आला, गोल झालाच नाही असा पाकिस्तानी खेळाडूंनी आक्षेप घेतला, पंचांनी तो फेटाळला. भारताने विश्वचषक २-१ असा जिंकला. भारतीय हॉकीतला हा सर्वांत मोलाचा गोल, आणि तो घरबसल्या पाहण्याचे भाग्य भारतीय प्रेक्षकाच्या वाट्याला आले नाही.

खेळ दाखवण्यासाठी पैसे मोजायचे असतात, ही कल्पना हळूहळू रुजली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी बीबीसीने एक हजार गिनी देऊ केल्या होत्या. १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या सीबीएसने सुमारे ३ लाख ९४ हजार डॉलर मोजले. भारतात मात्र गंगा उलटी वाहत होती. दूरदर्शनला स्पर्धक नव्हता. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, १९८३ च्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना लोकांनी घरात पाहिला आणि क्रिकेटचे वेड वाढले, तरी त्या वेडाचा पैसा मंडळाच्या पदरात पडत नव्हता. उलट सामना दाखवायचा तर मंडळानेच पैसे द्यावेत, अशी दूरदर्शनची अपेक्षा असे.

ही घडी मोडली १९९३ मध्ये. बंगाल क्रिकेट संघटनेने हीरक महोत्सवानिमित्त ‘हीरो चषक’ स्पर्धा भरवली आणि चित्रीकरणाचे हक्क ‘ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल’ या परदेशी कंपनीला दिले. सरकारने १८८५ चा भारतीय तार कायदा पुढे केला. बिनतारी संदेश पाठवण्याचा अधिकार सरकारचा, तेव्हा परवान्याशिवाय उपग्रहाकडे चित्र पाठवता येणार नाही, असा हा पवित्रा. परदेशातून आणलेले कॅमेरे आणि यंत्रे मुंबईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अडवून धरली. स्पर्धा चालू असताना पक्षकार कोलकाता उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात धावत होते आणि सामने अंतरिम आदेशांच्या आधारे दाखवले जात होते.

अंतिम निकाल ९ फेब्रुवारी १९९५ रोजी लागला. मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचे, मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेले हे मराठी न्यायमूर्ती. सोबत न्या. एस. मोहन होते, आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांनी सहमतीचे स्वतंत्र निकालपत्र लिहिले. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती सरकारच्या मालकीची नाही आणि पैसेवाल्यांच्याही नाही; तिचा वापर स्वायत्त सार्वजनिक यंत्रणेच्या देखरेखीखाली व्हावा, असे त्यात ठरले. माहिती देण्याइतकाच ती मिळवण्याचा हक्कही अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतो, हा त्यातला गाभ्याचा मुद्दा. या निकालाने दूरदर्शनची मक्तेदारी संपली, हेच सर्वत्र सांगितले जाते. प्रेक्षकाची बाजू त्यात तितक्याच ठामपणे मांडली होती, हे मागे पडले. दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणारी स्वायत्त संस्था, प्रसार भारती, १९९७ मध्ये अस्तित्वात आली.

मक्तेदारी गेल्यावर नवा पेच उभा राहिला : हक्क खासगी वाहिनीकडे, आणि ज्याच्या घरी ती वाहिनी नाही त्याने काय करायचे? भारतीय क्रिकेट संघाच्या २००४ च्या पाकिस्तान दौऱ्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने टेन स्पोर्ट्स या खासगी वाहिनीचे चित्र दूरदर्शनवर आले. जानेवारी २००७ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेचे हक्क निम्बस या खासगी कंपनीकडे होते. नागपूरचा पहिला एकदिवसीय सामना दूरदर्शनवर थेट दिसला नाही. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने सात मिनिटे उशिराने दाखवण्याची मुभा दिली. आरडाओरड झाली, वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे जाहिरातविरहित चित्र हक्कधारकाने प्रसार भारतीला दिलेच पाहिजे. दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातींचे उत्पन्न हक्कधारकाला ७५ आणि प्रसार भारतीला २५ टक्के, अशी त्याची तरतूद. कोणते सामने राष्ट्रीय महत्त्वाचे, हे केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवते. त्या यादीत क्रिकेटबरोबर ऑलिंपिक, हॉकी, फुटबॉल आणि टेनिसही आहे.

या कायद्याची धार २२ ऑगस्ट २०१७ च्या निकालाने बोथट झाली. केबलवर दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणे केबलचालकांना सक्तीचे आहे. त्या वाटेने सामना फुकट घरोघर जाऊ लागला तर विकत घेतलेल्या हक्काचा उपयोग काय, हा क्रिकेट मंडळ आणि वाहिन्यांचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. असे चित्र दूरदर्शनने आपल्या मनोऱ्यांवरून आणि आपल्या मोफत डिशवरूनच दाखवावे, असे ठरले. याचा अर्थ झाशीच्या मानिक चौकासारख्या कोणत्याही बाजारात सहज समजतो. एका दुकानात मोफत डिश असेल तर तिथे दूरदर्शनवर सामना चालू असतो. शेजारच्या दुकानात दरमहा पैसे भरून केबल घेतलेली असेल, तर त्याच वेळी तिच्यावरच्या दूरदर्शनवर तो नसतो. हक्कधारकाची अडचण खरी आहे, पण केबलचे पैसे भरणाऱ्यालाच सार्वजनिक वाहिनीवरच्या सामन्यापासून दूर ठेवणारी ही व्यवस्था न्याय्य म्हणता येत नाही.

दरम्यान आकडे आभाळाला भिडले. इंडियन प्रीमियर लीगचे २०२३ ते २०२७ या काळाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. दूरचित्रवाणी आणि इंटरनेट यांचे हक्क त्यात वेगवेगळे विकले गेले. मोबाइलवर मराठी समालोचनही आले, त्याचे स्वागत करायला हवे. परंतु बाजार क्रिकेटला जे देतो ते हॉकी, कबड्डी, खो-खो यांना देत नाही, आणि तसे तो आपणहून कधी देणारही नाही. या खेळांसाठी अधिसूचित यादी आणि सार्वजनिक वाहिनी हाच भक्कम आधार आहे.

हक्कधारकाने प्रसार भारतीला दिलेले चित्र केबल व इतर माध्यमांतूनही दाखवता यावे, अशा दुरुस्तीचा मसुदा माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०१८ मध्ये हरकती-सूचनांसाठी जाहीर केला होता. १९९५ च्या निकालाशी सुसंगत अशी ती दुरुस्ती कायद्यात यायलाच हवी.