सुप्पांडीचे चित्रकार

सुप्पांडी मुलांस ठाऊक असतो. त्यास रूप कोणीं दिलें, हें बहुधा ठाऊक नसतें. मुंबईचें 'टिंकल' अनंत पै यांच्या संपादकत्वाखालीं १९८० सालीं निघालें. धन्याची आज्ञा अक्षरशः पाळून त्यासच हैराण करणारा तमिळ लोककथांतील हा नोकर १९८३ सालीं त्यांत आला, तो राम वाईरकरांच्या रेषेंतून. 'अमर चित्र कथे'चा 'कृष्ण'ही त्यांनींच रेखाटलेला! देवाचें लावण्य व मूर्खाचें भाबडेपण एकाच हातास साधावें, हें आम्हांस विशेष वाटतें. २००३ सालीं वाईरकर निवर्तले. पुढें त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर सुप्पांडी काढूं लागल्या. हात बदलल्याचा पत्ता पुष्कळ बालवाचकांस लागलाही नसावा.