धूळपाटीवरची अक्षरे

मराठी विकिपीडियावर नवख्यांना सराव करण्यासाठी एक पान ठेवलेले आहे. इंग्रजीत त्याला सँडबॉक्स म्हणतात, म्हणजे मुलांनी खेळायचा वाळूचा हौद. मराठीत कुणीतरी त्याचे नाव 'धूळपाटी' ठेवले. ज्या कुणी ठेवले त्याला माझा नमस्कार! पूर्वी पंतोजींच्या शाळेत लाकडी पाटीवर धूळ पसरून मुले अक्षरे गिरवत. चुकले की हात फिरवायचा, पाटी कोरी. (चर्चेच्या पानाला 'चावडी' म्हणतात, तेही झकास.)

नव्याने आलेल्या मुलाला वर्गात कसे सामावून घ्यायचे, यातच माझी नोकरी गेली. त्यामुळे विकिपीडियाने नवख्यांसाठी आपले दार कसे कसे बदलले, हा इतिहास मला फार ओळखीचा वाटतो.

सुरुवात खरे तर अवघड दारानेच झाली. मार्च २००० मध्ये जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी न्यूपीडिया नावाचा ज्ञानकोश काढला. लेख तज्ज्ञांनी लिहायचे आणि सात पायऱ्यांच्या तपासणीतून पार करायचे. २००३ मध्ये तो बंद पडला तेव्हा पूर्ण झालेले लेख होते दोन डझनांच्या आसपास! दरम्यान वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये केलेली 'विकी'ची युक्ती या मंडळींच्या कानावर आली. (होनोलुलूच्या विमानतळावरच्या बसला 'विकी विकी' म्हणत, हवाईच्या भाषेत भरभर. नाव तिथून आले.) पान उघडा, 'संपादन' दाबा, लिहा, जतन करा. संपले. १५ जानेवारी २००१ ला विकिपीडिया सुरू झाला आणि ते वर्ष संपायच्या आत इंग्रजी लेखांनी दहा हजारांचा टप्पा ओलांडला.

तेव्हाचे ते संकेतस्थळ दिसायला अगदी ओबडधोबड होते. तरी नवख्याला सोपे होते, कारण घर रिकामे होते. चौकट उघडली की आत साधी वाक्ये दिसत.

मग घर भरत गेले. मजकुराला पुरावा हवा, म्हणून तळटीपांच्या खुणा आल्या. शेकडो शहरांची माहिती एकाच पद्धतीने दिसावी म्हणून 'साचे' आले. यातले एकही काम वाईट हेतूने झालेले नाही. पण परिणाम असा झाला, की एखाद्या मोठ्या शहराच्या लेखावर 'संपादन' दाबले तर पहिले वाक्य सापडेपर्यंत महिरपी कंस, उभ्या रेघा आणि बरोबरच्या चिन्हांचे रान तुडवावे लागे. नियमही वाढले, आणि त्यांनाही कारणे होती. २००५ मध्ये जॉन सिगेनथॅलर या अमेरिकन पत्रकाराच्या लेखात कुणीतरी धादांत खोटे लिहिले, केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचे नाव जोडले. ते काही महिने तसेच राहिले. बोभाटा झाल्यावर त्या डिसेंबरपासून इंग्रजी विकिपीडियावर खाते न उघडता नवा लेख सुरू करणे बंद झाले. त्या सद्गृहस्थांच्या जागी आपण असतो, तर आपणही हेच मागितले असते.

२००७ मध्ये इंग्रजीवर नियमित लिहिणाऱ्यांची संख्या शिखरावर पोचली आणि मग उतरू लागली. तेव्हा कुठे चालकांचे लक्ष दाराकडे गेले. डिसेंबर २००८ मध्ये स्टँटन फाउंडेशनने एवढ्याच कामासाठी ८ लाख ९० हजार डॉलर दिले. सॅन फ्रान्सिस्कोत, कधी काही न लिहिलेल्या वाचकांना पडद्यासमोर बसवून ते कुठे अडतात हे नुसते पाहिले गेले. नुसते पाहायचे, मध्ये बोलायचे नाही! (हे भल्याभल्या शिक्षकांना जमत नाही.) त्यातून मे २०१० मध्ये इंग्रजी विकिपीडियाला नवे रूप मिळाले. डावीकडे दडलेली शोधपेटी वर उजव्या कोपऱ्यात आली. 'वाचा' आणि 'संपादन' ही बटणे ठळक झाली.

पण त्याच साफसफाईत एक गोष्ट घडली, जी आपल्याला जवळची आहे. लेखाच्या डाव्या बाजूला इतर भाषांची यादी असे, तिच्यात खाली कुठेतरी 'मराठी' हा शब्द असे. ती यादी मिटवून 'भाषा' या एका शब्दाआड ठेवली गेली. कारण काय, तर त्या दुव्यांवर फार थोडे लोक टिचकी मारतात. जुन्या सदस्यांनी कल्लोळ केला आणि पुढच्याच महिन्यात यादी पुन्हा उघडी झाली. माझे मत विचाराल तर कल्लोळ करणारे बरोबर होते. टिचक्या मोजून अर्धेच कळते. इंग्रजी लेख वाचणाऱ्या सांगलीच्या मुलाला बाजूला 'मराठी' दिसले, तर न दाबताही त्याला समजते की आपली भाषा इथे नांदते आहे.

मात्र जुने लोक नेहमीच बरोबर असतात असे नाही. जुलै २०१३ मध्ये, लेख जसा दिसतो तसाच बदलता येईल असे नवे साधन इंग्रजीवर सर्वांसमोर ठेवले गेले. कंसांचे रान एकदम दूर! पण ते कच्चे होते. हळू चाले, मजकुरात नको त्या खुणा सोडे. ती निस्तरायची पाळी जुन्यांवर आली, ते भडकले, आणि सप्टेंबरमध्ये ते ज्याने मागितले त्यालाच मिळेल असे ठरले. राग खरा होता, पण त्यात थोडे 'आम्ही शिकलो, तुम्हीही शिका' हेही होतेच. पुढे सुधारून ते साधन परत आले आणि आज जुन्या पद्धतीच्या शेजारी बसले आहे.

मला जास्त आवडले ते दुसरेच. फेब्रुवारी २०१२ मध्ये इंग्रजीवर 'टीहाउस' नावाची जागा निघाली, जिथे नवख्याने काहीही विचारावे आणि कुणा माणसाने न रागावता उत्तर द्यावे. २०१८ पासून चेक आणि कोरियन विकिपीडियांवर आणखी एक प्रयोग सुरू झाला: नव्या सदस्याला आल्या आल्या छोटी सोपी कामे सुचवायची, आणि अडले तर विचारायला एक मार्गदर्शक नेमून द्यायचा. वर्गातल्या हुशार मुलाशेजारी नव्याला बसवायचे, तीच रीत.

आपल्याकडे तर अडचण दाराच्याही अलीकडे होती. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी सुरू झाला, पण तेव्हा कितीतरी संगणकांवर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसत! विंडोज एक्सपीची सीडी घालून भारतीय भाषांच्या खुणेवर टिचकी मारायची, मग बरहासारखे काहीतरी उतरवून घ्यायचे, तेव्हा कुठे 'क' उमटायचा. जुन्या ब्लॉगर मंडळींना हे आठवत असेल. २०११ च्या सुमारास विकिपीडियाच्याच पानावर देवनागरी टंकायची सोय झाली, रोमन कळांवरून किंवा इनस्क्रिप्टने. मराठीपुरते बोलायचे तर रंगरूपाच्या सगळ्या बदलांपेक्षा ही सोय मोठी.

असो. १८ जानेवारी २०२३ ला इंग्रजी विकिपीडियाचे रूप पुन्हा बदलले. भाषांची ती यादी आता शीर्षकाच्या ओळीत उजवीकडे एका बटणात गेली आहे. बटणावर फक्त आकडा दिसतो, इतक्या भाषा. ते दाबले की मगच 'मराठी' सापडते.